दोन धारा सोडून

बालीत, उबुदला सकाळी योगा केला. आपलेच सूर्यनमस्कार, फी फक्त रुपियात! मग तीर्ता एम्पुल. तीर्ता म्हणजे आपलं तीर्थच. मंदिर इ.स. ९६२ चं. साराँग नेसून झऱ्याच्या गारेगार पाण्यात उतरायचं, डावीकडून एकेका धारेखाली डोकं धरायचं. हे ‘मेलुकात’, म्हणजे शुद्धी. फोटोवाले असतातच, पण स्थानिक लोक मनोभावे आलेले असतात, तेव्हा रांगेत कलकलाट नको हं. दोन धारा मात्र सोडायच्या, त्या मृतांच्या विधींच्या. आईला जाऊन आठच महिने झालेत. मी तिथे थबकलेच. मागच्या आजीही थांबल्या, घाई न करता. संध्याकाळी मसाजला खोबरेल तेलाचा वास आला, थेट आईच्या वेणीचा, आणि रडूच फुटलं. मसाजवाल्या ताईंनी काही विचारलं नाही. टॉवेल पुढे केला.