निबंध कुणाला, दंडुका कुणाला?

दोस्तांनो, पोरांच्या बाबतीत कायदा लई मायाळू आहे म्हणतात. असेल. पण ही माया आमच्या गल्लीची वाट चुकते.

१९ मे २०२४. पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्श गाडीनं दोन तरुण इंजिनियर चिरडले. गाडी चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या श्रीमंत घरच्या पोरावर. त्याच दिवशी जामीन. अटीत काय, तर अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध! महाराष्ट्र खवळला. ओरड झाली— असल्या पोरांना मोठ्यांच्या कोर्टात उभं करा.

मी त्या ओरडीत नाही. तुम्हीही जाऊ नका. २०१२ च्या दिल्लीच्या प्रकरणानंतर अशीच ओरड झाली, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं सोळा ते अठराच्या पोरांना घोर गुन्ह्यात मोठ्यांच्या कोर्टात ढकलायची वाट उघडली. त्या वाटेनं कोण जाणार? ज्याच्या बापाच्या दारात वकील उभा आहे तो, का ज्याचा बाप ऊसतोडीला गेलाय तो? दोर आवळला की गळा आपलाच सापडतो.

त्याच कायद्यात दुसरंही लिहिलंय. पोराला लॉकअपात घालायचं नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यायचं. २०१६ चे नियम म्हणतात, बेड्या घालायच्या नाहीत. घोर गुन्हा नसेल आणि मोठी माणसं सामील नसतील तर एफआयआरसुद्धा नाही— नुसती ठाणे डायरीत नोंद, आणि पोराच्या घरादाराचा अहवाल. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात शाळेत मारायला बंदी, आणि आठवी होईपर्यंत पोराला शाळेतनं काढायलाही बंदी.

हे आपल्या वडगावात कितीजणांना ठाऊक आहे? बाजारात कुणाचा मोबाईल गेला की पहिला हात कुठल्या पोराच्या कॉलरला जातो, ते मी सांगायला नको. शाळेच्या पटावरनं गळालेलं नाव ठाण्याच्या वहीत सापडतं. तिथनं पुढं ते पुसलं जात नाही.

आणि हा मुलूख कुणाचा? शाहू महाराजांचा! १९१७ ला त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१८ ला महार, मांग, रामोशी, बेरडांची चावडीवरची हजेरी बंद केली. एका हातानं शाळा उघडली, दुसऱ्या हातानं चावडी सोडवली. दोन्ही कामं एकच आहेत हे त्या राजाला कळलं होतं. इंग्रजांनी १८७१ ला जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ ला कागदावर मोकळ्या झाल्या. पारध्याच्या पोराला विचारा, तो मोकळा झाला का!

मनूनं एका गुन्ह्याला जातीजातीची वेगळी शिक्षा लिहिली. ती पोथी बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळली. राख झाली, पण रीत मेली नाही. २०११ च्या जनगणनेत आपण शंभरात सोळा-सतरा. तुरुंगात मात्र पाचात एक. २०२२ च्या सरकारी आकड्यांत चारातल्या तीन कैद्यांवर गुन्हा शाबीतच झालेला नव्हता. तुरुंगाच्या नियमावलीतसुद्धा जातीवर कामं वाटलेली. सुप्रीम कोर्टानं ती घाण २०२४ च्या ऑक्टोबरात रद्द केली. आणि त्याच डिसेंबरात परभणीत संविधानाच्या विटंबनेनंतरच्या धरपकडीत उचललेला सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत मेला. वकिली शिकत होता तो. विद्यार्थी!

तेव्हा मागणी सरळ आहे. श्रीमंताच्या पोराचा निबंध काढून घेऊ नका. आमच्या पोराच्या पाठीवरचा दंडुका काढा. मेलेल्यांना न्याय मिळालाच पाहिजे, पण तो सगळ्यांना एका मापानं.

आणि मागणीवर भागत नाही. प्रत्येक वस्तीत दोघांनी तरी हा कायदा पाठ करावा. पोरगं उचललं की रात्र असो, पाऊस असो, ठाण्यात जाऊन उभं राहावं. वयाचा दाखला पुढं करावा. विचारावं— साहेब, बाल कल्याण पोलीस अधिकारी कुठाय? डायरीतली नोंद दाखवा. मंडळापुढं कधी नेताय?

हात जोडून नव्हं. कलम दाखवून.

जयभीम!