धुरळ्यातली शर्यत



खडकीवरून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहा. कोणी ना कोणी पुढच्या मोटारीला मागे टाकायला धडपडताना दिसेलच. ही हौस मोटारीइतकीच जुनी. तिची किंमत कोणी मोजली, ते आज सांगतो.

२४ मे १९०३ रोजी फ्रान्समधील व्हर्सायहून स्पेनच्या माद्रिदकडे शर्यत सुटली. गाड्या दोनशेच्या वर. रस्ता नेहमीच्या रहदारीचा, खडीचा, डांबर नसलेला. दुतर्फा जत्रेसारखी गर्दी; माणसे पार रस्त्यात येऊन उभी. गाब्रिएल नावाच्या गड्याने बोर्दो शहरापर्यंतचे ५५२ किलोमीटर सव्वापाच तासांत कापले. म्हणजे ताशी सरासरी १०५ किलोमीटर, तेही त्या काळच्या ब्रेकांवर! त्याच्या छातीला दाद द्यायलाच हवी.

पण त्याच रस्त्यावर, मोटारी बनवणाऱ्या रेनॉ बंधूंपैकी मार्सेल पुढची गाडी ओलांडायला गेला. धुरळ्यात वळण दिसले नाही. गाडी उलटली आणि दोन दिवसांनी तो दगावला. आणखीही स्पर्धक गेले. नुसती मजा बघायला आलेली माणसेही चिरडली. सरकारने बोर्दोलाच शर्यत थांबवली आणि त्या वाऱ्याशी पैजा घेणाऱ्या गाड्या घोडे जुंपून रेल्वे स्टेशनावर ओढत नेल्या.

सव्वा महिन्याने, २ जुलैला, आयर्लंडमध्ये दुसरी शर्यत झाली. तिथे रस्ते रहदारीला बंद ठेवले, जागोजागी पोलीस उभे केले. चालक तेवढेच धाडसी होते, पण बघ्यांचे जीव सांभाळले गेले. फरक हिंमतीचा नव्हता, बंदोबस्ताचा होता.

आपल्याकडे बैलगाडा शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली कायद्याच्या चौकटीत मान्यता दिली आहे. गावाच्या यात्रेत शर्यत ठरली, तर बक्षिसाच्या रकमेआधी कठड्याचा विचार करा. पोरांना धावपट्टीच्या कडेला बसू देऊ नका.

उसाच्या हंगामात तर रोजच धुरळा असतो. पुढच्या ट्रॅक्टरच्या धुरळ्यात रस्ता दिसेनासा झाला, की वेग कमी करा, अंतर ठेवा, ओलांडू नका. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावा आणि ते पुसून स्वच्छ ठेवा. कारखान्यावर दहा मिनिटे उशिरा पोचलात, तर नंबर फार तर दोन गाड्यांनी मागे जाईल. घरी मात्र तुमची वाट बघणारी माणसे आहेत.