राग खरंच रक्तात असतो का?

“त्याच्या रक्तातच राग आहे गं, तूच जरा सांभाळून घे.” नव्याने सासरी आलेल्या मुलीला हे कोणी ना कोणी ऐकवतंच. सासरे तापट, त्यांचे वडील तापट, मग मुलगा शांत कसा निघेल? ऐकायला समजुतीचं वाटतं. अर्थ मात्र एकच निघतो: तो बदलणार नाही, तू सोसत राहा.

आता या जुन्या समजुतीला विज्ञानाचा आधार दिला जातो. ‘रागाचा जीन सापडला’ असं कुठेतरी वाचलेलं असतं. म्हणूनच नेमकं काय सापडलं, ते समजून घ्यायला हवं.

नेदरलँड्समधले डॉ. हान ब्रुनर यांनी १९९३ साली एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या घरातले काही पुरुष एकदम भडकायचे, मारहाणीपर्यंत, जाळपोळीपर्यंत मजल जायची. तपासणीत त्यांचा ‘एमएओए’ नावाचा जीन पूर्ण बंद पडलेला आढळला. मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांचा निचरा या जीनमुळे होतो. पण तो असा पूर्ण बंद असणं जगात अतिशय विरळा. आपल्या गल्लीतल्या तापट माणसाला ते उदाहरण लावता येत नाही.

याच जीनचा मंद चालणारा प्रकार मात्र पुष्कळ पुरुषांत असतो. त्याचं काय? न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांवर संशोधकांनी लहानपणापासून वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २००२ साली त्यातल्या मुलग्यांविषयीचा निष्कर्ष आला. नुसता मंद जीन असून मुलगा हिंसक झाला, असं दिसलं नाही. पण मंद जीन आणि लहानपणी मारझोड किंवा हेळसांड, असं दोन्ही ज्यांच्या वाट्याला आलं, ते होते फक्त १२ टक्के. हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांपैकी ४४ टक्के शिक्षा मात्र त्यांच्याच नावावर होत्या. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा संबंध इतका ठळक दिसला नाही. तरी लहानपणीचा छळ माणसाला घडवतो-बिघडवतो, हे वारंवार दिसून आलं आहे.

मेंदूचंही तसंच. रागाला आवर घालणारा, ‘थांब, विचार कर’ म्हणणारा भाग कपाळाच्या मागे असतो आणि तो विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. ज्या पोराचं बालपण धाकात आणि आरडाओरड्यात जातं, त्याचा मेंदू सतत धोक्याचा कानोसा घेत वाढतो. बी कसंही असो, जमीन आणि पाणी आपल्या हातात असतं, हे शेती करणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

आणि मोठ्या माणसाचं काय? बायकोवर हात उचलणारा हाच गडी साहेबासमोर मान खाली घालून उभा राहतो. तिथे त्याचं रक्त उसळत नाही. म्हणजे आवर घालणं त्याला जमतं. घरात तो घालत नाही. मेंदूचा खरंच काही आजार असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्यावं. उपचार त्याने घ्यायचे, मार तिने खायचा नाही.

मैत्रिणींनो, ‘बापावर गेलाय’ हा शिक्का पोरावर मारू नका. तो शिक्का ऐकत वाढलेलं मूल एक दिवस तोच खरा मानू लागतं. त्याला राग आला तर तो बोलून दाखवायला शिकवा. त्याच्यासमोर होणारी मारहाण थांबवणं हे तर सर्वांत मोठं औषध. त्यासाठी एकटीने झुंजायची गरज नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे.

वाडवडिलांकडून नाक-डोळे येतात, थोडाफार स्वभावही येत असेल. पण उगारलेला हात वारशात येत नाही. तो उगारणाऱ्याचाच असतो आणि त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो.