सिंहादिवर्ग आणि वरंधचा वर्ग

अमरकोश पाठ केलेल्या मंडळींस सिंहादिवर्ग ठाऊक आहेच. त्याच्या अखेरीस समूहवाचक शब्दांची मोठी मौज आहे : पशूंचा तो समज, इतरांचा मात्र समाज, कबुतरांच्या थव्यास कापोत, मोरांच्या थव्यास मायूर. पण मासा, बेडूक, कांसव, मगर, खेकडा यांस तेथें जागा नाहीं. ते सारे वारिवर्गांत. म्हणजे त्यांची जात ठरली ती घरावरून. आधुनिक प्राणिशास्त्र घर न पाहतां शरीर पाहतें, आणि मुलांचा घोंटाळा नेमका येथेंच होतो.

या पावसाळ्यांत महाड तालुक्यांतील वरंध या घाटाच्या पायथ्याच्या गांवीं जाण्याचा योग आला. तेथील एका शाळेंत गुरुजींनीं मुलांस चिठ्ठ्या देऊन शोधास धाडलें होतें. चिठ्ठीवर प्राण्याचें नांव नाहीं, केवळ लक्षण : ‘सहा पायांचा’, ‘अंगावर खवले’, ‘घरटें बांधतो पण पक्षी नव्हे’. त्याचें घर शोधावयाचें, त्यास छेडावयाचें नाहीं, व फळ्यावर योग्य रकान्यांत नांव लिहून पुढें ‘अंडें’ कीं ‘पिलूं’ तें मांडावयाचें.

गलका पुष्कळ झाला. वटवाघूळ उडतें म्हणून पक्ष्यांत बसलें होतें; तें पिलांस दूध पाजतें हें कळतांच सस्तनांत आलें. शेकरूनें तर फारच वाद माजविला. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी खारीच्या कुळांतला, पण उंच झाडांवर काटक्यापानांचें घरटें करतो, आणि तेंहि एक नव्हे, अनेक. (सुगरणीचें घरटें नर विणतो हें ऐकून मुलींस विशेष आनंद झाला. घरोघरच्या पुरुषमंडळींनीं याची नोंद घ्यावी.)

सर्वांत उशिरां आला तो कातकरी वाडीवरचा एक मुलगा. वाचनांत मागें, म्हणून एरवीं शेवटच्या रांगेंत. त्यानें सर्वांस ओढ्याकांठीं नेलें, एक दगड हलकेच उचलला व खालची खेकड्याची मादी दाखवून विचारलें, “गुरुजी, हिला अंड्यांत लिहूं कीं पिलांत?” तिच्या पोटाखालच्या झडपेंत बारीक पिलें बिलगलेलीं होतीं.

प्रश्न खरोखर मार्मिक होता. समुद्रांतील खेकड्याचें पोर अंड्यांतून निघतें तें खेकड्यासारखें दिसतहि नाहीं. तें पाण्यांत तरंगत, रूपें पालटीत वाढतें. गोड्या पाण्यांतील खेकड्याचीं सारीं रूपें अंड्यांतच पुरीं होतात. मादी अंडीं पोटाशीं धरते, आणि बाहेर येणारीं पिलें हुबेहूब लहान खेकडेच असतात. तींहि ती कांहीं दिवस वागविते. ओढ्याच्या लोंढ्यांत तरंगणारें पोर टिकलें नसतें. तेव्हां रकाना ‘अंडें’ हाच; पण मुलानें पाहिलेलें तेंहि खोटें नव्हे. गुरुजींनीं दोन्ही लिहिलें. दगड मुलानें होता तसा परत ठेविला.

पुढच्या शोधाच्या चिठ्ठ्या याच मुलाकडून सांगवून घ्यावयाच्या असें गुरुजींनीं ठरविलें आहे. मात्र तें दिवाळीपूर्वींच उरकलें पाहिजे. त्यानंतर तो आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातो.