गाळ उपसण्यापूर्वी एक नळी

२४ एप्रिल २०२२ रोजी अमृत सरोवर अभियानाची सुरुवात झाली आणि प्रत्येक जिल्ह्यात ७५ तळी नव्याने खोदण्याचे वा जुनी पुनरुज्जीवित करण्याचे उद्दिष्ट ठरले. पाण्यासाठी हे काम आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र जुन्या तळ्यातला गाळ जेसीबीने उपसला जातो तेव्हा त्याबरोबर त्या परिसराचा लेखी नसलेला इतिहासही जातो आणि तो परत मिळत नाही.

दर पावसाळ्यात पाणलोटातील माती, परागकण, वणव्यांचा कोळसा, खतांतील फॉस्फरस तळ्यात येऊन थराथराने बसतो. थर विस्कटलेले नसतील, तर जितके खोल जावे तितके जुने सापडते. त्यांचे वय ठरवण्याचे काम भौतिकशास्त्र करते. खडकांतील युरेनियमच्या क्षयसाखळीत निर्माण होणारा रेडॉन वायू हवेत मिसळतो. पुढे त्याचे शिसे-२१० होते आणि ते पावसाबरोबर तळ्यात उतरते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे असल्याने साधारण शेवटच्या शंभर वर्षांचा हिशेब लागतो. वातावरणातील अणुचाचण्यांतून आलेले सीझियम-१३७ जिथे स्पष्ट सापडते, तिथे त्याची कमाल पातळी १९६३ च्या सुमाराचा थर दाखवते. त्याहून फार जुन्या थरांसाठी ५,७३० वर्षे अर्धायुष्याचा कार्बन-१४ वापरतात.

या थरांमुळे मोठे वाद कसे पालटतात, याचे उदाहरण वायव्य भारतात आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी गुरदीप सिंह यांनी राजस्थानातील खाऱ्या सरोवरांतील परागकणांचा अभ्यास करून हवामानातील बदलांचा संबंध सिंधू संस्कृतीच्या उदयास्ताशी जोडला. १९९९ मध्ये बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसरच्या गाळाने वेगळी साक्ष दिली. ते सरोवर नगरांच्या भरभराटीपूर्वी सुमारे हजार वर्षे आधीच आटले होते. २०१४ मध्ये हरियाणातील कोटला दहर येथील गोगलगायींच्या शंखांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस एकाएकी क्षीण झाल्याचे दिसले. तो काळ नगरांच्या ऱ्हासाशी जुळतो. एका सरोवराच्या साक्षीवर निकाल देता येत नाही, हा यातील धडा आहे. म्हणूनच प्रत्येक साक्षीदार मोलाचा आहे.

केंद्रीय जल आयोग जलाशयांतील गाळाचे सर्वेक्षण करून साठवणक्षमता किती घटली ते मोजतो. गाळ किती, हा प्रश्न आपण विचारतो. तो कुठून आला, कधीपासून वाढला, त्यात कोणती विषे साठली, हे क्वचितच विचारतो. वास्तविक पाणलोटात नेमके काय बिघडले ते याच उत्तरांतून कळते. ते कळले नाही, तर उपसलेले तळे पुन्हा भरणार.

माझे म्हणणे मर्यादित आहे. उपसा थांबवू नये. दरवर्षी कोरडे पडणारे, नांगरले जाणारे उथळ तळे बहुधा उपयोगाचे नसते, तेही सोडून द्यावे. परंतु जुन्या, खोल आणि बारमाही तळ्यांत उपसा सुरू होण्यापूर्वी नळी दाबून गाळाचा एक उभा नमुना काढावा आणि स्थान, खोली व तारीख लिहून तो जवळच्या विद्यापीठात थंड जागी जतन करावा. तसेच कोणत्या साली किती खोल उपसा झाला, याची नोंद सार्वजनिक असावी. अन्यथा पन्नास वर्षांनी येणारा संशोधक हरवलेल्या थरांना दुष्काळ समजून बसेल.

विश्लेषण दहा वर्षांनी केले तरी चालेल. नमुना मात्र यंत्र तळ्यात उतरण्यापूर्वीच घ्यावा लागतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावचे तळे कधी उपसले जाणार आहे, एवढी चौकशी आजच करावी.