पूर्वज पानिपतावर पडले, पण कागद काय सांगतो?

महाराष्ट्रातल्या पुष्कळ घराण्यांत एखादा तरी पूर्वज पानिपतावर पडलेला असतो. कुलवृत्तांतात त्याचे नाव ठळक अक्षरांत असते, लग्नकार्याला जमलेली वडीलधारी मंडळी ते अभिमानाने सांगतात आणि नातवंडे शाळेच्या निबंधात लिहितात. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी मुलखावर जी आपत्ती कोसळली ती पाहता यात अशक्य काहीच नाही. मात्र अमुक घरातला अमुक माणूस खरोखर तेथे होता का, हा प्रश्न वेगळा. तो विचारणारा माणूस घरात फारसा आवडता होत नाही, असा माझा अनुभव आहे.

सध्या कुलवृत्तांतांना नवे दिवस आले आहेत. जुन्या प्रती संगणकावर चढत आहेत, घराण्यांचे मेळावे भरत आहेत, अमेरिकेतला पुतण्या आणि साताऱ्यातले काका एकाच वंशवृक्षात नावे भरत आहेत. या हौसेचे कौतुकच आहे. पण मूळ कागद पाहण्याचे कष्ट घेणारे थोडे. जुन्या पुस्तकात आहे म्हणून नव्यात, नव्यात आहे म्हणून संगणकावर, आणि तीन ठिकाणी आढळले म्हणून खरे, असा सारा व्यवहार. वास्तविक तेथे साक्षीदार एकच असतो, तो तीनदा बोललेला असतो इतकेच.

साक्षीदारांच्या संख्येवर काही ठरत नाही, हे आपल्याला शिवजन्माच्या तिथीने शिकवले आहे. उत्तरकालीन बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध २ शके १५४९ ही तिथी रूढ होती. पुढे कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात फाल्गुन वद्य ३ शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद होती. महाराजांच्या काळातच लिहिल्या गेलेल्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी निघाली. घटनेच्या जवळचे दोन कागद दूरच्या अनेकांना भारी पडले. लक्षात घ्या, यातला एक कागद एका देशमुख घराण्याने सांभाळून ठेवलेला होता.

आता परिचयातल्या एका घराण्याची हकीकत सांगतो. त्यांच्याही कुलवृत्तांतात पानिपतावर पडलेला पूर्वज आहे. आधार कोणता, तर ‘पूर्वापार ऐकीव’. घरातल्या एका निवृत्त शिक्षिकेने मोडी शिकून घेतली आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात बसून रुमाल सोडायला सुरुवात केली. बऱ्याच महिन्यांनी त्याच गावच्या, त्याच नावाच्या, त्याच पित्याच्या पुत्राला नेमणुकीची रक्कम दिल्याची नोंद सापडली. साल होते ‘समान सितैन मया व अलफ’. हा सुहूर सन. समान म्हणजे आठ, सितैन साठ, मया शंभर आणि अलफ हजार, मिळून ११६८. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. हिशेब आला १७६७-६८. पानिपतावर पडलेला माणूस सहा-सात वर्षांनी सरकारातून पैसे घेतो आहे!

घरात वादळ उठले. एका काकांनी ‘कशाला उकरता?’ म्हणून बोलणेच सोडले, तर तरुण मंडळींना पूर्वज खोटा ठरल्याचा थोडा आनंदच झाला. बाई मात्र शांत होत्या. त्यांचे म्हणणे असे की, लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांना बालपरवेशी म्हणून रक्कम लावून देण्याची तेव्हा रीत होती. ती नेमणूक मृताच्या नावावरच चाललेली असेल, तर हाच कागद तो माणूस गेल्याचा पुरावा होतो. म्हणून त्यांनी नोंद पुन्हा वाचली. रक्कम ज्याच्या हाती पोचली त्याचे नाव ‘गुजारत’ या शब्दापुढे लिहिलेले असते, आणि तेथे एका स्त्रीचे नाव होते. कुलवृत्तांतात मात्र त्या पूर्वजाच्या पत्नीपुढे ‘नाव उपलब्ध नाही’ असे छापलेले आहे.

ती पत्नी की आई, याचा उलगडा दुसरा कागद सापडल्याखेरीज व्हायचा नाही. पण आपल्या कुलवृत्तांतांची एक खोड यातून उघडी पडते. मुलग्यांच्या शाखा सात पिढ्या खाली उतरतात, मुली मात्र ‘कन्या २’ एवढ्या आकड्यात संपतात. मूळ कागदांत त्या अशा नाहीशा झालेल्या नसतात. दत्तकाची परवानगी मागणारी विधवा, इनामाच्या भांडणात उभी राहिलेली आजी, वारसनोंदीच्या फेरफारात लागलेली बहीण, सगळ्या नावानिशी भेटतात. संपादकांनी त्यांना गाळले, कारकुनाने गाळले नव्हते.

अर्थात मूळ कागद म्हणजे देववाणी नव्हे. तो कुणी लिहिला, कधी आणि कशासाठी, हे विचारावेच लागते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, आणि तो पाहताना कुणीही थक्क होईल. परंतु तो कोरला गेला १८०३ साली, सरफोजी दुसरे यांच्या काळात. ते दत्तक होते. त्यांचा हक्क डावलून अमरसिंग अकरा वर्षे गादीवर होते, आणि १७९८ साली इंग्रजांच्या पाठबळाने गादी सरफोजींकडे आली. अशा राजाला वंशावळ दगडात कोरून ठेवावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. त्यांच्या स्वतःच्या काळासाठी तो लेख मोलाचा साधन आहे. सतराव्या शतकासाठी तो दीडशे वर्षांनंतरची साक्ष आहे, मग ती दगडावर का असेना.

इतके दूर जायलाही नको. आपल्याकडे एक जूनला जन्मलेल्या वडीलधाऱ्यांची संख्या पाहा. शाळा जूनमध्ये उघडे, पोराची तारीख बापाला ठाऊक नसे, गुरुजी वय अंदाजाने बसवीत आणि १ जून लिहून मोकळे होत. शाळेचे रजिस्टर अस्सल, शाई अस्सल, तारीख तेवढी गुरुजींची.

एरवी हे सारे हौशी लोकांचे वाद म्हणून सोडून देता आले असते. आता तसे राहिलेले नाही. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे पुरावे गोळा करावे लागतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतली मोडी दप्तरे बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. मुलाचा प्रवेश, मुलीची नोकरी आज पणजोबांच्या एका ओळीवर अडते.

आणि ती ओळ असते ‘राणू बिन धोंडू’ एवढीच. आडनाव नसते. एका गावात असे दोन राणू सहज असू शकतात. आपला राणू तोच, हे सुबक काढलेल्या वंशावळीने सिद्ध होत नाही. त्यासाठी जमिनीचा माग काढावा लागतो. आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार, फेरफारातल्या वारसनोंदीवरून आधीचा खातेदार, असे एकेक पाऊल मागे जात त्याच सर्व्हे नंबरावर राणू भेटला, तरच साखळी जुळली म्हणायची. मधली एक कडी आठवणीवर सोडली की सगळी वंशावळ तेथेच लटकते.

म्हणून कुलवृत्तांत समित्यांना माझी सूचना साधी आहे. प्रत्येक नावाखाली कागद कोणता, कुठे पाहिला आणि कुणी वाचला, हे बारीक टाइपात छापा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणा. पाने वाढतील, खर्चही वाढेल. फोटोंची आणि शुभेच्छासंदेशांची पाने थोडी कमी करता येतील. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी गेलात, तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत पूर्वजांचा लेख जरूर पाहा. वही जीर्ण झाली की ती नव्याने उतरवून घेतात. तेव्हा आपल्यापुढचे पान मूळचे आहे की उतरवलेले, एवढे विचारून घ्या. आणि मूळ वही अजून असेल, तर ती दाखवण्याची विनंती करा.