लिहिणारी आजी



नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघालं, की औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या दुरूनच दिसू लागतात. या वीज केंद्राला पाणी मिळतं ते गोदावरीचं. आता मनातल्या मनात नदीच्या उलट दिशेनं चालायला लागा बरं. नाशिक शहर मागे टाकलंत, की काठावर जलालपूर नावाचं छोटंसं गाव लागेल. १८६८ साली इथल्या गोखल्यांच्या घरात एक मुलगी जन्मली. नाव मनकर्णिका, पण सगळे म्हणत मनू. आजची गोष्ट या मनूची. तिला महाराष्ट्र ओळखतो तो लक्ष्मीबाई टिळक या नावानं.

मनूच्या घरी सोवळ्याचं भलतंच प्रस्थ होतं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, याला शिवू नकोस, त्याच्याजवळ जाऊ नकोस! अशा घरातली ही मुलगी ११ वर्षांची असताना तिचं लग्न झालं. नवरा होता कवी नारायण वामन टिळक. मनूची लक्ष्मी झाली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. जी काही अक्षरओळख झाली, ती लग्नानंतर, टिळकांकडून.

पुढे १८९५ साली एक मोठीच खळबळ उडाली. टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी याचा अर्थ काय होता, ठाऊक आहे? घर तुटायचं, नातेवाईक दुरावायचे. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या जवळजवळ पाच वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरात गेला. टिळकांची पत्रं यायची. लक्ष्मीबाई रडायच्या, चिडायच्या, आजारी पडायच्या.

शेवटी त्या नगरला टिळकांकडे आल्या. पण आल्या त्या आपलं सोवळं बरोबर घेऊनच! त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही.

मग एका रात्री लक्ष्मीबाईंना झोप येईना. मनात विचार सुरू झाला : या जाती कुणी केल्या? देवानं, की माणसांनी? देवानं केल्या असत्या, तर माणसामाणसांत काही फरक नसता का ठेवला? जनावरांत नाही का, गाय वेगळी आणि घोडा वेगळा दिसतो! विचार करता करता त्यांची खात्री पटली, की जाती माणसांनीच केल्या आहेत. सकाळी उठून त्यांनी सांगून टाकलं, की आजपासून मी कुणाच्याही हातचं खाईन आणि पिईन. लहानपणापासून अंगात मुरलेलं सोवळं त्यांनी असं सोडलं. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवरा गेला म्हणून मागोमाग जायचं, असं त्यांनी केलं नाही. स्वतःला पटेपर्यंत त्या थांबल्या.

त्यानंतर मात्र त्यांची श्रद्धा कधी डळमळली नाही. चर्च म्हटलं, की तुमच्यापैकी काहींच्या डोळ्यांपुढे इंग्रजी गाणी येतील. पण मराठी ख्रिस्ती लोक चर्चला 'देऊळ'ही म्हणत. तिथे जमणारे लोक म्हणजे 'मंडळी' आणि प्रार्थना म्हणजे 'उपासना'. टिळकांनी या देवळात अभंग आणले, भजनं आणली, कीर्तनंही आणली. त्यांची गीतं मराठी चर्चमधून आजही गायिली जातात.

लक्ष्मीबाईंची भक्ती केवळ देवळात बसून राहिली नाही, ती स्वयंपाकघरातही शिरली. त्यांच्या घरी अनेक निराधार मुलं वाढली. 'फुलराणी' लिहिणारे बालकवी ठोंबरे माहीत आहेत ना? तेही काही काळ नगरला टिळकांच्या घरी राहिले. धर्म वेगळा, पण लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. वेगळी चूल मांडणाऱ्या बाईंच्या घरात आता सगळ्यांसाठी एकच चूल होती!

१९१९ साली टिळक वारले. येशूच्या जीवनावरचं 'ख्रिस्तायन' हे त्यांचं काव्य अपुरंच राहिलं होतं. सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. मग पुढचं कुणी लिहायचं? ज्यांना जोडाक्षरं लिहिताना घाम फुटायचा, त्या लक्ष्मीबाईंनीच ते पुरं केलं!

दत्तू म्हणजे देवदत्त टिळक. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाचे ते संपादक होते. नाशिकचे कुसुमाग्रज कुमारवयात याच मासिकात लिहीत असत. लक्ष्मीबाईंच्या आठवणींचं पुस्तक म्हणजे 'स्मृतिचित्रे'. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात त्या अगदी बोलतात तशा लिहितात. स्वतःची फजिती सांगतात, नवऱ्याचा विसराळूपणा सांगतात, रडवतात आणि लगेच हसवतातही. १९३६ साली नाशिकला त्यांचं निधन झालं. पुढे त्यांचे नातू अशोक टिळक यांनी 'स्मृतिचित्रे'ची आवृत्ती संपादित केली. म्हणजे बघा, आजीनं लिहिलं, मुलानं जपलं, नातवानं पुन्हा तुमच्यापुढे ठेवलं.

दोस्तांनो, तुमचीही आजी असेलच. कुणाची रविवारी चर्चला जात असेल, कुणाची पहाटे काकड आरतीला, कुणाची नमाज पढत असेल, कुणाची बुद्धवंदना म्हणत असेल. तिला एकदा विचारा : आजी, तू माझ्याएवढी होतीस तेव्हा तुला काय काय करू देत नव्हते? तू कधी कुणाचं न ऐकता स्वतःच्या मनानं काही ठरवलंस का? आणि देवाजवळ तू नक्की काय मागतेस?

ती सांगेल ते वहीत उतरवा. ती 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं'च लिहा, तिची भाषा सुधारायला जाऊ नका. आजी गेल्यावर तिच्या फोटोला हार घालणं सोपं असतं. तिचं बोलणं मात्र ती असतानाच लिहून घ्यावं लागतं.

मग कधी बसताय आजीजवळ? या रविवारीच बसा! ज्यांची आजी नसेल, त्यांनी शेजारच्या आजींकडे जावं. सांगायला त्यांच्याकडेही पुष्कळ असतं, ऐकायलाच कुणी नसतं.